कमी दिवसांच्या बाळाला खरंच ‘ॲसिडिटी’ असते का?

परवा डिस्चार्जच्या दिवशी एक आजी दुपट्यांची पिशवी घेऊनच माझ्याकडे आल्या. टेबलावर एकेक दुपटं उलगडून दाखवायला लागल्या, हे सकाळचं, हे दुपारचं, हे आत्ताचं, प्रत्येकावर पिवळट डाग, आणि म्हणाल्या, "सिस्टर, अहो केवढं दूध टाकतंय पोर, याला ॲसिडिटी झालीय, डॉक्टरांना सांगून कायतरी ड्रॉप लिहून द्या की." बाळ ३० आठवड्यांचं जन्मलेलं, तेव्हा १२०० ग्रॅम होतं, आता १९०० वर आलेलं. आई बाजूला बसली होती, ती काही बोलली नाही पण रात्रभर झोप नाहीये हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी बरीच वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम करतेय आणि हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की एकदा नीट बसून लिहावं म्हटलं. कमी दिवसांच्या बाळाचं दूध वर आलं की आपण त्याला ॲसिडिटी म्हणतो आणि ॲसिडिटी म्हटलं की लगेच औषध आठवतं, सगळा घोळ तिथेच होतो.

आधी दूध वर का येतं ते बघू. आपली अन्ननळी जिथे जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो, बटव्याच्या नाडीसारखा. गिळताना तो सैल होतो, घास खाली गेला की आवळतो. पण अधूनमधून, काहीही गिळलेलं नसताना, तो स्वतःहून काही सेकंद सैल पडतो आणि परत आवळतो. हे तुम्हाआम्हालाही होतं, ढेकर त्यातूनच येते. कमी दिवसांच्या बाळाला हे दिवसात कितीतरी डझन वेळा होतं आणि तेवढ्या वेळात थोडं दूध वर सरकतं. खूप लोकांना वाटतं की बाळाचा तो स्नायूच कच्चा आहे, पण अगदी हजार ग्रॅमच्या आतल्या बाळांमध्येसुद्धा स्नायूला बऱ्यापैकी जोर असतो, तो नको तेव्हा सैल पडतो एवढंच.

आता त्यात दुधाचा हिशोब घाला. वाढणाऱ्या कमी वजनाच्या बाळाला आम्ही साधारण दर किलोमागे दिवसाला १५० मिली दूध देतो. १२०० ग्रॅमचं बाळ म्हणजे १८० मिली, दर दोन तासांनी १५ मिली. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हाच हिशोब ६० किलोच्या माणसाला लावला तर दिवसाला ९ लिटर दूध होतं, आणि ते पाठीवर आडवं पडून प्यायचं. कुणाचं वर येणार नाही सांगा बरं. शिवाय बरीच बाळं अजून नीट ओढत नाहीत म्हणून नाकातून किंवा तोंडातून पोटात नळी घातलेली असते, ती नळी त्याच गोल स्नायूच्या मधून जाते त्यामुळे बटव्याचं तोंड थोडं किलकिलं राहतंच.

म्हणजे रिफ्लक्स होणं, पोटातलं असं वर येणं, हा कमी दिवसांच्या बाळाचा आजार नाही, त्या वयाचं शरीर असंच चालतं. आजार कधी म्हणायचं, तर त्या दूध वर येण्यामुळे बाळाला काही त्रास झालेला दिसतो तेव्हा, म्हणजे वजन चढत नाही, अन्ननळीला इजा होऊन रक्त येतंय, दूध फुफ्फुसात जातंय असं काही. अशी बाळं असतात, नाही असं नाही, पण दूध टाकणाऱ्या बाळांच्या मानाने फार थोडी.

आजींना मी काय केलं, सिरिंजमध्ये मोजून ५ मिली पाणी घेतलं (दूध कशाला वाया घालवायचं) आणि एका कोरड्या दुपट्यावर ओतलं. डाग पसरत पसरत त्यांच्या पिशवीतल्या सगळ्यात मोठ्या डागापेक्षा मोठा झाला. म्हणजे त्यांना जे ‘सगळं दूध टाकलं’ वाटत होतं ते चमचाभर पण नव्हतं. हे घरी करून बघा, खरंच, मनावरचं अर्धं ओझं उतरतं.

आता ॲसिडकडे येऊ. आपण मिसळ खाल्ली, रात्री छातीत जळजळ झाली, गोळी घेतली, बरं वाटलं, म्हणून आपल्या डोक्यात वर येणं म्हणजे ॲसिड वर येणं असं पक्कं बसलंय. कमी दिवसांच्या बाळाच्या पोटात एक तर ॲसिड मुळात कमी तयार होतं आणि त्यावर दर दोन-तीन तासांनी दूध पडतं, दूध ॲसिडला मवाळ करतं. त्यामुळे जे वर येतं ते बहुतेक वेळा आंबट नसतंच, नुसतं दूध असतं. आणि ॲसिड कमी करायचं औषध ॲसिड कमी करतं, दूध वर येणं थांबवत नाही! बाळ तेवढंच दूध तेवढ्याच वेळा टाकणार, फक्त त्यातलं होतं नव्हतं ते ॲसिडही गेलेलं असणार. एवढी एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली तरी माझं लिहिण्याचं काम झालं.

तपासणीचा भागही याच्याशीच जोडलेला आहे. जुनी पद्धत अशी की अन्ननळीत एक बारीक वायर ठेवायची आणि आतला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) २४ तास मोजायचा, ४ च्या खाली गेला की रिफ्लक्स धरायचा. मोठ्यांना ते ठीक आहे, पण ज्या बाळाच्या पोटातलाच पीएच क्वचित ४ च्या खाली जातो त्याच्या अन्ननळीत ते कसं सापडणार, म्हणून या बाळांमध्ये तिच्यावर फार विसंबता येत नाही. बेरियम पाजून एक्स-रे काढतात त्यात दूध वर येताना दिसतं पण ते त्या दोन-चार मिनिटांपुरतं, आणि निरोगी बाळातही दिसू शकतं. त्या एक्स-रेचा खरा उपयोग आतड्याला पीळ वगैरे नाही ना, रचना बरोबर आहे ना, हे बघायला.

सगळ्यात चांगली म्हणतात ती टेस्ट म्हणजे इम्पिडन्स. तिच्यातही वायरच असते पण तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर रिंगा असतात आणि दोन रिंगांमध्ये विजेला किती अडथळा होतो ते मशीन मोजतं. दुधातून वीज सहज जाते, त्यामुळे दूध वर चढायला लागलं की आधी खालच्या रिंगांमधला अडथळा कमी होतो, मग त्याच्या वरच्या, मग त्याच्या वरच्या, आणि वरून गिळलेलं असेल तर उलट क्रमाने. म्हणजे दूध कुठल्या दिशेने गेलं, किती वरपर्यंत आलं हे कळतं, आणि पीएचचा सेन्सर सोबत असतो त्यामुळे आंबट होतं की नाही तेही. भारी टेस्ट आहे पण ती सगळीकडे नसते, आणि तिच्यावर ‘दिवसाला इतक्या वेळा म्हणजे आजार’ अशी या बाळांसाठी सगळ्यांना मान्य असलेली पक्की रेघ ओढलेली नाहीये. म्हणून बहुतेक वेळा निदान होतं ते जुन्याच पद्धतीने, वजनाचा तक्ता बघून, बाळ कसं पितंय हे शेजारी बसून बघून, पोटाला हात लावून.

एक चुकीची पद्धत मात्र सर्रास चालते, ती म्हणजे ‘औषध देऊन बघू, बरं वाटलं म्हणजे रिफ्लक्सच होता’. अहो पण ही बाळं दर आठवड्याला बदलत असतात, आज जे करतंय ते पंधरा दिवसांनी तसंही करणार नाहीये, मग श्रेय औषधाला जातं आणि औषध महिनोन्महिने चालू राहतं.

आता सगळ्यात घाबरवणारी गोष्ट, मॉनिटर. दूध दिलं, पाच मिनिटांनी टों टों सुरू, बाळ श्वास घ्यायचं थांबलंय, हार्ट रेट खाली, ऑक्सिजन खाली, आणि तोंडाच्या कोपऱ्यात दूध दिसतंय. आईला काय, आम्हालाही कित्येक वर्षं हेच वाटायचं की दूध वर आलं म्हणून श्वास थांबला. २०१० मध्ये अमेरिकेत ७१ कमी दिवसांच्या बाळांवर दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजल्या, दूध कधी वर आलं आणि श्वास-हार्ट रेट कधी खाली गेले, सेकंदासेकंदाने जुळवून. श्वास-हार्ट रेटच्या जेवढ्या घटना झाल्या त्यातल्या ३ टक्क्यांपेक्षाही कमी घटनांच्या आधी रिफ्लक्स झालेला होता. उलटा क्रमसुद्धा दिसला, म्हणजे आधी श्वास गडबडला आणि मग दूध वर आलं. मग श्वास थांबतो कशाने, तर मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून तयार होतंय म्हणून. त्यावर आम्ही कॅफीन देतो, हो तीच कॉफीतली, मोजून मापून, आणि बहुतेक बाळांचं गरोदरपणाच्या हिशोबाने ३६-३७ आठवडे भरेपर्यंत थांबतं, २८ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्यांना आणखी वेळ लागतो. रिफ्लक्सच्या औषधाने हे कमी होतं असं काही सिद्ध झालेलं नाही.

पाठीची कमान करणं, लालबुंद होणं, कण्हणं, पाय पोटाशी घेऊन कळवळणं, यावरून पण लगेच ॲसिडिटी ठरवली जाते. ज्या बाळांचं दूध वर येत नाहीये तीही हेच करतात हो. पेटीत झोपलेली बाळं रात्री कशी कण्हतात ते एकदा नाइट ड्यूटीला येऊन ऐका, म्हशीच्या गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि सकाळी वजन बघावं तर ३० ग्रॅमने वाढलेलं.

औषधांबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण त्यात माझाही हात आहे. मी नवीन होते तेव्हा मी जिथे काम करायचे तिथे रॅनिटिडीन हे ॲसिड कमी करायचं औषध इतकं सहज दिलं जायचं की सकाळच्या राउंडनंतर मी ट्रेमध्ये ओळीने सिरिंजा भरून ठेवायचे, नाव, बेड नंबर, डोस. तेव्हा कुणाला चूक वाटत नव्हतं, वाईट हेतू तर कुणाचाच नव्हता, सगळ्यांना वाटायचं बिचाऱ्या बाळाची जळजळ तरी थांबेल. मग २०१२ मध्ये इटलीतला एक अभ्यास आला, १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २७४ बाळांचा. ज्यांना रॅनिटिडीन मिळालं होतं त्यांच्यात ३७ टक्क्यांना इन्फेक्शन, ज्यांना नव्हतं मिळालं त्यांच्यात १० टक्क्यांच्या आसपास. आणि एनईसी, म्हणजे आतडं सुजून सडायला लागतं तो भयंकर आजार ज्याला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो, त्याची जोखीम सहापटीहून जास्त. हा काही चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला प्रयोग नव्हता त्यामुळे सगळा दोष औषधालाच देता येणार नाही, पण कारण समजण्यासारखं आहे. पोटातलं ॲसिड हा दारावरचा राखणदार आहे, नळीतून, हातातून, दुधातून गेलेले जंतू तिथे मरतात. राखणदारालाच सुट्टी दिली की जंतू सरळ आतड्यात. तो अभ्यास समजल्यावर मला त्या ट्रेमधल्या सिरिंजा डोळ्यासमोर आल्या आणि बरेच दिवस गेल्या नाहीत.

रॅनिटिडीन पुढे २०२० मध्ये अमेरिकेत बाजारातूनच काढायला लावलं, ते वेगळ्या कारणाने, त्यात एनडीएमए नावाची कॅन्सरशी जोडली जाणारी अशुद्धी सापडली म्हणून. पण त्याची जागा ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल यांनी घेतली आणि काम तेच, ॲसिड कमी करणं. २००९ मध्ये लॅन्सोप्राझोलची १६२ बाळांवर चाचणी झाली, महिनाभर ते एक वर्षाची बाळं, दूध पाजल्यावर रडणारी. खरं औषध मिळालेल्यांपैकी ५४ टक्के बाळांना बरं वाटलं आणि नुसतं खोटं औषध मिळालेल्यांपैकी, किती, तर ५४ टक्केच. उलट गंभीर त्रास औषधवाल्या गटात जास्त दिसले.

दुसरा प्रकार म्हणजे पोट लवकर रिकामं करणारी औषधं. सिसाप्राइड एके काळी खूप वापरायचे, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो म्हणून २००० साली अमेरिकेत बंद झालं. मेटोक्लोप्रामाइडने हातापायाच्या, तोंडाच्या विचित्र हालचाली होऊ शकतात, त्याच्यावर तिथे २००९ पासून ठळक चौकटीतला इशारा आहे. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं डॉम्पेरिडोनसुद्धा ठोक्यांची लय बिघडवू शकतं, आणि ते ड्रॉप तर लोक शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणून पाजतात, कृपा करून नका करू असं.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१८ मध्ये खास कमी दिवसांच्या बाळांच्या रिफ्लक्सवर अहवाल काढला, त्याचा मथितार्थ हाच की ही औषधं अगदी जपून वापरा, वापरायचीच झाली तर. पण तुमच्या बाळाला डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर हे वाचून आज रात्री बंद करू नका. त्यांना विचारा, कशासाठी दिलंय, किती दिवसांसाठी, आणि उपयोग होतोय की नाही हे आपण कशावरून ठरवणार आहोत. काही बाळांना खरंच गरज असते, अन्ननळीचं ऑपरेशन झालेलं असतं, काहींना शेवटी पोटाचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळायचं ऑपरेशनही करावं लागतं, पण ती गोष्टच वेगळी.

मग घरी करायचं काय. पाजणं सुधारायचं, बाकी फार काही नाही. एका वेळी थोडं कमी आणि थोडं लवकर लवकर. आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं त्यामुळे तेच सगळ्यात चांगलं. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देत असाल तर बाळाने आधीचं गिळलंय का बघून पुढचं द्या, ‘३५ मिली संपलंच पाहिजे’ म्हणून शेवटचे पाच मिली कोंबू नका, तेच पाच मिली दुपट्यावर येतात हे मी शंभर वेळा पाहिलंय. बाटली असेल तर बुचाचं भोक मोठं नको. पाजून झालं की वीस-पंचवीस मिनिटं खांद्याशी उभं धरा, पाठ थोपटायला हरकत नाही पण धपाटे नकोत आणि लगेच लंगोट बदलायला पाय वर उचलू नका. कांगारू केअर तर कराच, छातीशी उघड्या अंगाने उभं बांधून ठेवायचं. त्याने रिफ्लक्स बरा होतो असा माझा दावा नाही, पण बाळ शांत राहतं, अंग गरम राहतं, आणि आईला दूधही येतं.

झोपवण्याबद्दल मात्र मी थोडी कडक बोलते. डाव्या कुशीवर किंवा पालथं झोपवलं तर मशीनवर रिफ्लक्स कमी दिसतो हे खरं आहे, आणि एनआयसीयूत मॉनिटर लावलेला असताना लहान बाळांना आम्ही तसं ठेवतोही. पण गरोदरपणाच्या हिशोबाने ३२ आठवडे झाले, बाळ स्थिर झालं की पाठीवर झोपायची सवय तिथेच लावायची असते, कारण घरी पालथ्या किंवा कुशीवर झोपलेल्या बाळांमध्ये झोपेत अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो आणि कमी दिवसांच्या बाळांमध्ये तर आणखी. "पण सिस्टर, पाठीवर झोपवलं तर दूध घशात अडकेल ना?" नाही अडकत. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली, वर आलेलं दूध आपल्या वजनाने परत अन्ननळीकडेच घरंगळतं. पालथं घातलं की उलटं, श्वासनळी खाली येते. डोक्याखाली उशी, गादीला एका बाजूने चढ याचा फायदा दिसलेला नाही. आणि झोळी, मला माहितीये की आपल्याकडे झोळीशिवाय बाळ वाढत नाही, पण एवढ्या छोट्या बाळाची झोळीत हनुवटी छातीला टेकते, मान दुमडते, श्वासाची वाट अरुंद होते, पोटावरही दाब येतो. अजून काही महिने नकोच.

दूध घट्ट करण्याचा सल्लाही मिळतो, तांदळाची पेज घाल, नाचणीची घाल. आईच्या दुधात स्टार्च फोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे त्यात घातलेली पेज तशीही पातळ होते, आणि एवढ्या लहान आतड्याला ती झेपतही नाही. झँथन गमची तयार पावडर मिळते तिच्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०११ मध्येच इशारा दिला होता, कमी दिवसांच्या बाळांना देऊ नका म्हणून, कारण एनईसी झालेली बाळं समोर आली होती. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर यांना तर हातच लावू नका. एक शक्यता मात्र डॉक्टरांशी जरूर बोलावी, गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी. ती हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसू शकते, शीमध्ये रक्ताच्या रेषा असू शकतात, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईने दोन-चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करून बघतात किंवा पावडर चालू असेल तर वेगळी देतात.

आणि थांबून वाट बघायची नाही अशा गोष्टी. उलटी हिरवी आली की, मग ती एकदाच का असेना, ताबडतोब हॉस्पिटल, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तासातासाला फरक पडतो. उलटीत किंवा शीत रक्त, पोट फुगून टणक होणं, बाळ मलूल पडणं, अंग गार पडणं किंवा ताप, पाजायला घेतलं तर ओढतच नाही, टाळू फुगलेली, श्वास थांबणं, निळं पडणं, किंवा काही आठवड्यांनी अचानक प्रत्येक फीडनंतर कारंज्यासारखी लांब उलटी, यातलं काहीही ‘दूध टाकतंय हो, सगळीच टाकतात’ म्हणून सोडू नका.

कधी थांबेल हे? साधारण चौथ्या महिन्यापर्यंत वाढतं, मग बसायला लागतं, वरचं खायला लागतं तसं कमी होतं, वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. पण हे महिने जन्मतारखेपासून नाही तर डॉक्टरांनी दिलेल्या ड्यू डेटपासून मोजायचे. त्या आजींचा नातू दहा आठवडे आधी आलाय, म्हणजे तो पाच महिन्यांचा होईल तेव्हा खरं तर अडीच महिन्यांचाच असेल, त्यामुळे तेव्हा दूध टाकणं वाढलेलं दिसलं तर घाबरायचं नाही.

आजींना शेवटी मी फाइलमधला वजनाचा तक्ता दाखवला, आठवडाभर रोज २५-३० ग्रॅमने चढलेली रेघ. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत फिरवत पाहिली आणि आईला म्हणाल्या, "बघ गं, वाढतंय की." डिस्चार्ज कार्डावर दोनच ड्रॉप होते, एक आयर्नचे आणि एक व्हिटॅमिन डीचे, दोन्ही कसे मोजायचे ते मी आईकडून दोनदा करून घेतलं आणि पुढच्या बुधवारी वजनाला बोलावलंय.